चौथा खडा

१

प्रियंका दिल्लीत हरवली त्याला अडीच महिने झाले, आणि एका मंगळवारी सकाळी तिची आई जमुना तिच्या बॅगेची चेन दुरुस्त करायला आमच्या दुकानात आली.

दुकान माझ्या मुलाचं, चिंतूचं. बोईसरला स्टेशनजवळ, बॅगा आणि छत्र्या. मी आत्माराम, बत्तीस वर्षं पोलिसात काढली आणि हवालदार म्हणूनच निवृत्त झालो. वर चढलो नाही, कारण तोंड आवरता आलं नाही. आता स्टुलावर बसून चेनी दुरुस्त करतो. बायको म्हणते, "आधी माणसं उघडी पाडायचात, आता बॅगा उघडता. फरक काय?"

जमुनानं बॅग काउंटरवर ठेवली आणि वर आमचंच गॅरंटीचं कार्ड ठेवलं. सहा महिन्यांत चेन बिघडली तर दुरुस्ती फुकट.

बॅग मी ओळखली. निळी, आत लाल अस्तर. ऑक्टोबर संपताना एक सडपातळ, बडबडी पोरगी ती घेऊन गेली होती. "चौघं चाललोय काका दिल्लीला! मी, आमचे हे, सासूबाई आन् नणंद. परवाच निघायचं." चौथीच्या पुस्तकात लाल किल्ल्याचं चित्र होतं, ते बघून तिनं तेव्हाच ठरवलं होतं म्हणे, एकदा जायचंच. मी म्हटलं, "किल्ला कुठं पळून जात नाही बाई, तू चेन तेवढी हळू ओढ. नवीन आहे, हिसका दिलास तर रनर अडकेल." ती हसली आणि तीनदा हळू ओढून दाखवली.

तीच पोरगी निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी चांदणी चौकाच्या गर्दीत हरवली, ही बातमी साऱ्या तालुक्यानं ऐकली होती. तक्रार दिल्लीत नोंदवलेली. इथले पोलीस म्हणत, तपास तिकडचा. तिकडचे म्हणत, रोज अशी किती हरवतात. जमुनाचा नवरा देवू दिल्लीला गेला तो तिकडंच राहिला. दिवसा हमाली करतो, उरलेल्या वेळात फोटो घेऊन किल्ल्यापाशी, इंडिया गेटपाशी उभा राहतो.

"सासरच्यांनी बॅग आणून दिली, पण उगडतच नाय," जमुना म्हणाली. "मी पण जोर नाय केला. लेक आली का लागंल ना तिला. म्हणून नीट करून ठेवायची."

कुणीतरी हिसका देऊन रनर अस्तरात अडकवला होता. पक्कडीनं सोडवला, मेणबत्ती घासली, चेन उघडली. जमुनानं एकेक वस्तू काढून मांडीवर घेतली. तीन ड्रेस, इस्त्रीची घडी जशीच्या तशी. टॉवेल. नवी चप्पल, तळव्याला धूळ नाही. साबणाची वडी, वेष्टनासकट. आणि तळाशी जुन्या सुती साडीच्या चिंधीत बांधलेला एक खडा. काळा, सुपारीएवढा, एका अंगाला पांढऱ्या शिंपल्याचा तुकडा घट्ट बसलेला. चिंधीला हळदीचा डाग होता.

"दगड गोळा करायची तिला लहानपणापासनं खोड," जमुना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "दिल्लीवरनं माज्यासाटी आणला असंल."

मी खड्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हातारपण दुसरं काय! माझं लक्ष साबणाकडं होतं. एक रात्र गाडीत आणि पुढे दोन दिवस दिल्लीत हिंडलेल्या पोरीच्या बॅगेत एकही मळका कपडा नव्हता आणि साबण फोडलेला नव्हता.

२

चिंतूला दुकान बघायला सांगून मी जमुनाला समोरच्या टपरीवर चहाला नेलं.

"प्रवासातून तिचा फोन आला होता?"

"फोन नाय. मेसेज आलं." तिनं कमरेची पिशवी सोडून मोबाइल काढला. लेकीनं पहिल्या पगारात घेऊन दिलेला. "मला वाचता येत नाय ना भाऊ. ती आपली बोलून पाटवायची. हा तिरकोन दाबला का तिचा आवाज येतो."

तिनं दाबून दाखवला. रोजचा एक आवाज, कधी दोन. आई जेवलीस का, आई आज कंपनीत पॅकिंगला उशीर झाला, आई विपुलला सांग अभ्यास कर. विपुल म्हणजे तिचा भाऊ, आश्रमशाळेत असतो. मग आला निघायच्या आदल्या दिवशीचा शेवटचा आवाज. "आई, आज घरी एक गोष्ट विचारणार हाय. उद्या पहाटे फोन करते. तू तयार राहा."

"कशाला तयार राहा म्हणली, ते कळलंच नाय बगा," जमुना म्हणाली. "पहाटंपासनं फोन हातात धरून बसली मी. आलाच नाय."

त्यानंतरचे तीन मेसेज लिहिलेले होते. "गाडीत बसलो." "दिल्लीला पोचलो." "आज चांदणी चौक." जमुनानं ते शेजारणीकडून वाचून घेतले होते.

आई अडाणी आहे हे लेकीपेक्षा कुणाला जास्त ठाऊक? रोज बोलणारी पोर घराबाहेर पडताच लिहायला कशी लागली? मी दोन तर्क केले. एक असा की ती गाडीतूनच मधे कुठंतरी उतरली, पळून गेली, आणि अब्रू झाकायला सासरचे तिच्या फोनवरून मेसेज करत राहिले. दुसरा तर्क मला करायचा नव्हता.

म्हणून मी जमुनाला पहिलाच सांगितला. म्हटलं, कदाचित पोर दिल्लीत नसेल, दुसरीकडं कुठं सुखात असेल. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते. खडा आणि कपडे परत बॅगेत भरून ती पाड्याकडं जाणाऱ्या एसटीत चढली, तेव्हा तिची पावलं झरझर पडत होती.

३

चिंचणीतली प्रियंकाच्या सासऱ्याची, धर्माजीची वाडी मला नवी नाही. माझं गाव पाम, हाकेच्या अंतरावर. चिकूची पन्नासेक झाडं, कडेनं माड, मागं समुद्राची गाज. धर्माजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अबोल माणूस. बोलण्याचं खातं बायकोकडं, आनंदीवहिनींकडं. त्यांनी डोंगराकडची सून मनापासून कधी स्वीकारली नाही हे गावाला माहीत होतं. मुलगा शैलेश हट्टानं लग्न करून मोकळा झाला होता.

"कशाला उकरून काडता आता, आत्मारामभाऊ?" वहिनी म्हणाल्या. पण चहा ठेवला. रीत सोडणारी बाई नव्हे ती.

मी म्हटलं, पोरीच्या आईनं सांगितलंय म्हणून विचारतो, एवढंच.

"चांदणी चौकात जिलबीच्या दुकानापाशी तिनं माजा हात सोडला," वहिनी म्हणाल्या. "मागं वळून बगते तर नाय."

शैलेशला ओसरीवर एकट्याला विचारलं. तो म्हणाला, "चांदणी चौकात जिलबीच्या दुकानापाशी तिनं आईचा हात सोडला. मागं वळून बगतो तर नाय." रूपल, त्याची बहीण, पालघरला कॉलेजात शिकते. तिला मोगऱ्यापाशी गाठलं. तिनं खाली बघत तेच म्हटलं, जिलबीसकट. बत्तीस वर्षांत मी एवढंच शिकलो की एकच अपघात तिघांनी पाहिला तर तीन हकिगती होतात. इथं तिघांची मिळून एक होती.

"गाडीत तिकीट तपासणारा आला असेल?"

"आला ना. ती वरच्या बर्थवर झोपली होती, डोक्यावरनं चादर घेऊन," शैलेश म्हणाला. हे त्यानं न विचारता सांगितलं.

स्टेशनवर धर्माजीनंच चिकूच्या टेम्पोतून सोडलं होतं. म्हणजे रिक्षावाला साक्षीला नाही.

"फोटो बघू."

रूपलनं मोबाइल दिला. इंडिया गेट, लाल किल्ला, कुतुबमिनार. प्रत्येक फोटोत तिघं, आनंदीवहिनी, शैलेश, रूपल, हात बांधून उभे. कुणी हसत नव्हतं.

"प्रियंका एकातही नाही?"

"वहिनीच काढायची ना फोटो," रूपल पटकन म्हणाली.

मी फोटो पुन्हा मागे सारून पाहिले. एकात तिघांचे पाय कापलेले. एकात मिनार तिरका. एक एवढ्या उंचावरून की काढणारा सहा फुटी असावा, आणि एकात कोपऱ्यात कुणाचा तरी जाडजूड अंगठा. फोटो वाईट निघतात, मान्य. पण वाईट काढणाऱ्याचीही एक खोड असते, ती प्रत्येक फोटोत दिसते. इथं दर फोटोला हात वेगळा होता.

निघताना वाडीतून गेलो. धर्माजी झारीनं पाणी घालत होता. चिकूच्या दोन झाडांमधे, पुऱ्या सावलीत, माडाचं रोप.

"दादा, हे कधी लावलं?"

"दिवाळीच्या सुमारास," तो म्हणाला.

आमच्याकडं माडाचा खड्डा मे महिन्यात खणतात, महिनाभर उन्हात तापवतात आणि पाऊस लागला की रोप लावतात. तेही उघड्यावर. हे शेंबडं पोरही सांगेल, आणि धर्माजीनं आयुष्यभर वाडी केली होती.

"सावलीत कसा जगेल हो?"

"नाय जगणार," धर्माजी म्हणाला आणि पाणी घालत राहिला.

४

गावात तिसरीच कुजबुज होती. मितेश नावाचा एक पोरगा प्रियंकाबरोबर औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता. दोघं एकाच बसनं यायची-जायची. "त्याच्यासंगंच गेली असंल," असं मला चार जणांनी सांगितलं आणि चौघांपैकी एकानंही मितेशला पाहिलेलं नव्हतं. मला मात्र ती कुजबुज खरी निघायला हवी होती. पळून गेलेली पोर जिवंत असते.

कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं मला अडवलं. "दादा, अंदर जाना मना है. मितेश? वो तो ड्यूटी पे है. खाने की छुट्टी में बुला देता हूँ."

मितेश इथंच होता. अडीच महिन्यांत एक खाडा नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊनच आला. बारीक, चष्मेवाला, नवापूरचा.

"काका, माज्या घरी पण येऊन गेले लोकं. माजं लगीन मोडलं त्यापायी," तो म्हणाला. "ती माज्या बहिणीसारखी होती. दिल्ली, दिल्ली, दिल्ली, डोकं उठवायची."

"शेवटचं कधी बोललात?"

"निघायच्या आदल्या दिवशी. सकाळी धावत आली, मितेश तुजा मोबाइल दे, माजा हँग झाला. तत्काळचं तिकीट काडायचं होतं, दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं. मिळालं तेव्हा टाळ्या वाजवल्या तिनं."

"तिकीट? त्यांची चार आधीच काढलेली होती."

"हे पाचवं. तिच्या आईचं. मी हितंच उभा होतो, नाव टाकलं जमुना." त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "म्हणली, घरी सांगितलं नाय अजून. आज विचारते. आईनं पालघरच्या पुढं काय पायलंच नाय, म्हणली."

तू तयार राहा.

पळून जाणारी पोरगी आईचं तिकीट काढत नाही. मी कंपनीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मितेशनं पाणी आणून दिलं. माझा पहिला तर्क तिथं संपला, आणि उरलेल्या तर्काला पुरावा म्हणून माझ्याकडं न फोडलेला एक साबण होता.

५

पुढचे चार दिवस मी दुकानात रनर बसवत होतो आणि ग्राहकांवर खेकसत होतो. फोटो, मेसेज, साबण, माड. वकिलानं पाच मिनिटांत उडवावं असं सगळं. फोटो वाटेतल्या लोकांनी काढले, गाडीच्या आवाजात बोलता येईना म्हणून लिहिलं, साबण लॉजमधे मिळाला, आणि माड लावणं काही गुन्हा नाही. ती घरातून निघालीच नव्हती हे कोण सांगणार? निघताना पाहणारी माणसं चार, आणि चारही त्याच घरातली.

रविवारी आमच्याकडं नवापूरला साखरपुड्याला जायची गडबड होती. बायको, चिंतू आणि सूनबाई जागृती. मला मनच नव्हतं, मी घरी राहणार होतो. तिघं चपला घालून उंबऱ्यात आली आणि बायको थबकली.

"अगं, तिघंच आहोत ना आपण! थांब. चौथा घे."

जागृती हसत अंगणात उतरली, एक खडा उचलला आणि पर्समधे टाकला. तिघांनी मिळून वाटेला लागू नये, लागायचंच तर दगडाला चौथा करून न्यावा. माझ्या आईपासून बघत आलोय. इतकं बघितलंय की दिसायचं बंद झालं होतं.

मी ओरडलो, "काय केलंस आत्ता?"

बायको घाबरली. "खडा घेतला. का हो?"

तिघं गेल्यावर मी तसाच डोंगराकडची एसटी पकडली.

जमुनानं खडा देवापाशी ठेवला होता. खाली झेंडूचं फूल, शेजारी विझलेली पणती. चिंधी तिनं धुवून घडी करून ठेवली होती. हळदीचा डाग फिका झाला होता, गेला नव्हता.

"जमुनाबाई, तुमच्यात तिघं गावाला निघाले तर काही बरोबर घेतात?"

तिला प्रश्नच कळला नाही. "भाकऱ्या घेतो," ती म्हणाली.

मी खडा मागितला, चिंधीही. तिनं तो पदरानं पुसून माझ्या तळहातावर ठेवला. "परत आणून द्या भाऊ. लेकीचा हाय."

६

चिंचणीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. रविवार, सगळी घरी. आनंदीवहिनी ओसरीवर वाल सोलत होत्या, शैलेश मोबाइलवर, रूपल उंबऱ्यात बसलेली. धर्माजी वाडीत.

"आमची मंडळी आज नवापूरला गेली," मी खाटेवर टेकत म्हटलं. "तिघं होती, तर बायकोनं खडा घ्यायला लावला. हल्ली कोण पाळतं हो हे?"

"आमी पाळतो," वहिनी म्हणाल्या. "तिघांनी निगायचंच नाय. माजा भाऊ असाच गेला, खडा न घेता. आला नाय परत."

"आणि चौघं असले तर?"

"चौघांना कशाला खडा?"

"म्हणजे दिल्लीला तुम्ही नेला नसणार."

"चौघं होतो आमी. नाय नेला."

मी खिशातून खडा काढून सुपातल्या वालांवर ठेवला, शेजारी चिंधी. वहिनींचे हात थांबले. चिंधी ज्या साडीची होती ती त्या वेळी त्यांच्या अंगावर होती, पदराचा कोपरा फाडलेला.

"प्रियंकाच्या बॅगेत निघाला. तळाशी."

शैलेश चपळ होता. "मंग परतीचा असंल! ती हरवल्यावर आमी तिघंच उरलो ना. आईनं तिकडनं घेतला असंल."

"उलटा कर तो."

त्यानं केला नाही. मीच केला. पांढरा शिंपला खड्याला घट्ट धरून होता. म्हटलं, तुमच्या मागच्या खडकांवर असे हजार मिळतात. "शैलेश, दिल्लीला समुद्र कधी आला?"

"जुना ऱ्हायला असंल बॅगेत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"बॅग आमच्या दुकानातली, निघायच्या दोन दिवस आधी घेतलेली. मी स्वतः रिकामी उघडून दाखवली."

"मंग तिनंच टाकला."

"तिला माहीत नव्हतं, वहिनी. तिच्या माहेरी हे नाही. तिच्या आईला वाटलं, लेकीनं दिल्लीचा दगड आणलाय. तिनं तो देवापाशी ठेवला होता." माझा आवाज चढला, आवरला नाही. "तुम्ही सगळं केलंत. तिची बॅग भरलीत, तिचा फोन नेलात, वरच्या बर्थवर चादर पसरलीत. अनोळखी माणसांकडून फोटो काढून घेतलेत. पण उंबऱ्यात तुम्ही माणसं मोजलीत आणि ती तीन भरली. मग तिच्या बॅगेत तिच्या जागी दगड ठेवलात. परत आल्यावर काढणार होतात, पण कुणीतरी चेनीला हिसका दिला आणि बॅग उघडेना. तिनं हळू ओढली असती. मी तिला शिकवलं होतं."

रूपल रडायला लागली. शैलेश "रूपल, गप!" म्हणून ओरडला.

"बस झालं आता, आनंदी."

धर्माजी ओसरीच्या पायरीशी उभा होता. हातात झारी. तो खाली बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला सलग बोलताना ऐकलं.

दिवेलागणीची वेळ होती. प्रियंकानं सांगितलं, आईचं पण तिकीट काडलंय, आईला घेऊन जाऊ. आनंदीनं भांडी आपटली, ती बाई माज्या पंक्तीला बसून दिल्ली बगणार काय. प्रियंका हटेना. शैलेशनं तिला ढकललं. मागं पाटा होता, उभा करून ठेवलेला. कानशिलाला त्याची कड लागली. ती अर्धा तास जिवंत होती.

"अर्धा तास?" मी म्हटलं. "आणि दवाखाना?"

धर्माजीनं झारी पायरीवर ठेवली.

"पोरगा एकच हाय," अखेर वहिनी म्हणाल्या.

"माड मी लावला," धर्माजी म्हणाला. "पाणी पण मीच घालतो. दुसरं काय करू, मला कळत नाय."

मी पोलिसांना फोन लावला. जीप येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. वहिनींनी एकदा हात पुढं करून खडा सुपातून उचलला आणि बाजूला ठेवला, वालात रेती नको म्हणून. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सुकरूप परत यायचं होतं ना भाऊ. म्हणून घेतला."

मी पोलिसात असताना माणसांवर हात उचलला नाही. त्या दिवशी उचलावासा वाटला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी, खणायला सुरुवात व्हायच्या आधी मी जमुनाकडं पोचलो. तिला ते माझ्याच तोंडून कळावं असं मला वाटत होतं. वाटेत वाक्यं जुळवत होतो, एकही जुळलं नाही.

ती अंगणात गवताचे भारे बांधत होती. "आणला दगड?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. ती उभ्यानं ऐकत होती, हातातला दोर सोडला नव्हता. सगळं ऐकल्यावर ती भाऱ्यावर बसली. रडली नाही. दोर गुंडाळत म्हणाली, "दगड पोलिसांकडं का?"

"हो. पुरावा आहे."

"असू दे. लेकीचा नवता तो."

तिनं मोबाइल काढून त्रिकोण दाबला. "आई, आज घरी एक गोष्ट विचारणार हाय. उद्या पहाटे फोन करते. तू तयार राहा." पोरीचा आवाज अंगणभर झाला. शेजारच्या कोंबड्या दचकून पांगल्या.

"कशावरनं झालं भांडण?" जमुनानं विचारलं. "कशाला तयार राहा म्हणली होती, ते कळलं का तुमाला?"

बत्तीस वर्षांत मी साहेबांना, मंत्र्यांच्या माणसांना, कुणालाच खोटं सांगितलं नाही. त्यापायी फीत वाढली नाही.

"नाय कळलं," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं ते मानलं की नाही, मला माहीत नाही. कोर्टात हे सगळं निघेल, पेपरात छापून येईल, कुणीतरी तिला वाचून दाखवेल. माझं खोटं तितके दिवस तरी टिकावं.

तेवढ्यात फोन वाजला. देवूचा रोजचा फोन, ऊन कलल्यावरचा. जमुना फोन कानाला लावत नाही, हातावर आडवा धरून आवाज मोठा करते. गाड्यांचे भोंगे ऐकू आले, कुणी फुगे विकत होतं, आणि त्यातून देवूचा दमलेला, पण आनंदलेला आवाज.

"जमुने, ऐक! आज लाल किल्ल्याकडं उबा होतो. एका बाईनं फोटो वळखला! म्हणली, अशीच पोरगी तिनं परवा बगितली, टेसनावर. उद्या मी तिकडं जातो. आता गावंल बग. ऐकते ना?"

जमुनानं फोन माझ्यापुढं केला. मी मान हलवली. मला जमलं नसतं. तिनं तो परत आपल्याकडं घेतला.

"या तुमी घरी," ती म्हणाली. "पोर दिल्लीला गेलीच नाय. चिंचणीलाच होती. निगायच्या आदल्या दिशी मारली तिला त्यांनी, वाडीत पुरली."

पलीकडं भोंगे वाजत राहिले. फुगेवाला जवळ आला आणि लांब गेला. शेवटी देवू बोलला, आणि तो रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखा बोलला.

"मंग मी हितं कोणाला शोदत होतो?"

जमुनानं माझ्याकडं पाहिलं.